ओट्याचे दगड

एका गावात राजा नव्हता, आणि या गोष्टीचा त्या गावाला भारी तोरा होता. काहीही ठरवायचं असलं की सारा गाव तळ्याकाठच्या चिंचेखाली जमायचा. हात वर व्हायचे, हात मोजले जायचे, आणि जिकडे हात जास्त तसं व्हायचं. माणूस जमीनवाला असो नाहीतर गवत कापणारा, हात प्रत्येकाचा एकच.

आता यातली मेख ऐका. चिंचेखाली एक दगडी ओटा होता. बोलायचं असेल तर ओट्यावर चढायचं, अशी रीत होती. आणि ओट्यावर चढायचं ते वरच्या आळीतल्या जमीनवाल्यांनीच, अशीही रीत होती. खालच्या आळीने खाली उभं राहून फक्त हात वर करायचा. तोही वरच्या आळीतले सगळ्यांत मोठे जमीनवाले बाजीनाना यांच्याकडे बघून, कारण दुसऱ्या दिवशी काम त्यांच्याच शेतात असायचं. आणि गाव वर तोंड करून म्हणायचा, आमच्याकडे सगळे सारखे!

खालच्या आळीत हौसा राहायची. ती रोज तळ्याच्या बांधाखाली गवत कापायची. बांध मातीचा, थोडं पाणी झिरपायचंच. पण एके दिवशी ते पाणी गढूळ आलेलं तिने पाहिलं. गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या आतली माती वाहून चालली. आणि बांधाच्या पायथ्याशीच खालच्या आळीची चाळीस घरं होती.

त्याच आठवड्यात सभा भरली. नाना ओट्यावरून म्हणाले, "जादा पाणी ज्या वाटेने जातं, तिथे यंदा फळ्या लावू. तळं हातभर चढेल. आपल्या शेतांना उन्हाळाभर पुरेल."

हौसा खालून ओरडली, "नाना, बांध आतून पोखरलाय! पाणी चढवू नका!"

"खालून बोलायचं नसतं, माहीत नाही का?" नाना म्हणाले. "चला, हात मोजा."

नानांचा हात वर गेला. मागोमाग सगळ्यांचे गेले, हौसाच्या शेजाऱ्यांचेसुद्धा. अहो, ज्यांची घरं वाहून जाणार होती, त्यांनीच हात वर केले! एकट्या हौसाचा हात खाली राहिला.

पण ती गप्प बसणारी नव्हती. गढूळ पाण्याचा तांब्या घेऊन ती घरोघरी फिरली. "नानांपुढे हात वर केलात तो केलात," ती म्हणाली, "पण पोरंबाळं आणि दाणे टेकडीवर हलवा." कुरकुरत का होईना, लोकांनी ऐकलं.

फळ्या लागल्या, पाणी चढलं, आणि नवव्या दिवशी भर दुपारी बांधाला भगदाड पडलं. पहिलं गेलं ते हौसाचं घर. सारा गाव धावला. मातीची पोती टाकावीत, तर तीही वाहून जात होती. तळं रिकामं झालं असतं तर वरच्या आळीची उभी पिकंही करपली असती.

"जड दगड हवेत," हौसा म्हणाली. "ओटा फोडा."

"ओटा? माझ्या आजोबांनी बांधलाय तो!"

"बांधही त्यांच्याच वेळचा आहे. दोन्हींतलं एकच राहील. कोणतं ठेवायचं? हात मोजा, नाना."

त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी नानांकडे बघितलं नाही. सगळ्यांनी भगदाडाकडे बघितलं, आणि ओटा फोडायला हात वर गेले. आणि पहार आणली ती नानांनीच. दिवस मावळायच्या आत ओट्याचा शेवटचा दगड भगदाडात गेला आणि पाणी थांबलं.

पुढची सभा सपाट जमिनीवर भरली. आधी हौसाचं घर उभं करायचं ठरलं. मग सगळ्यांबरोबर मांडी घालून बसलेल्या नानांनी विचारलं, "हौसाबाई, बांधाचं पाणी कसं येतंय?"

"आज नितळ आहे," हौसा म्हणाली. "उद्याचं उद्या बघून सांगेन. आणि इथेच बसून सांगेन."

तात्पर्य: हात सगळ्यांचे मोजले, पण बोलायची जागा आणि न भिता हात वर करायची मुभा थोड्यांनाच ठेवली, तर लोकांचं राज्य आतून पोखरलं जातं, आणि ते फुटलं की खालच्यांची घरं जातात, तशी वरच्यांची शेतंही वाचत नाहीत.