तलवारीपुढचे खडे

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं. तळ्यातून एक पाट निघायचा आणि त्या पाटाच्या काठाने सात वाड्या वसल्या होत्या. पहिली वाडी तळ्याला लागून होती. सातवी पार टोकाला, जिथे पाट संपायचा आणि माळ सुरू व्हायचा.

सातही वाड्यांचा मिळून एक कारभारी असे. तंटे तो सोडवी, रस्तेही तोच बघे. पण त्याचं खरं काम एकच होतं. तळ्याचं दार त्याच्या हुकमाने उघडे आणि बंद होई. पाणी कधी सोडायचं आणि आधी कुणाला द्यायचं, हे तो ठरवी.

दर सात वर्षांनी, माघातल्या पौर्णिमेला, नवा कारभारी निवडत. निवडण्याची त्यांची रीत अशी होती: ज्याला कारभारी व्हायचं असेल, त्याने त्या दिवशी दार लावून घरात बसायचं. चारचौघांत उभं राहून स्वतःसाठी काही मागणं त्या लोकांना बरं वाटत नसे. त्याच्याऐवजी त्याची खूण पारावर मांडायची, म्हणजे त्याच्या घरातली सर्वांत मानाची वस्तू. लोक तळ्यातून एकेक खडा उचलून आणत आणि जी खूण मनाला पटेल तिच्यापुढे ठेवत. ज्या खुणेपुढे जास्त खडे, तिचा मालक कारभारी.

रीत सभ्य होती. तिच्यात आरडाओरडा नव्हता, भांडण नव्हतं. प्रश्नही नव्हता.

ही गोष्ट घडली त्याच्या चौदा वर्षांपूर्वी लोकांनी चांदीच्या मुठीच्या काठीपुढे खडे ठेवले होते. ज्या माणसाने हे तळं बांधलं, त्याची ती काठी. त्याच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्याला सगळे थोरले म्हणत; ते कारभारी झाले. मनाने ते वाईट नव्हते. पण त्यांच्या घराण्यात कधी कुणी चिखलात पाय घातला नव्हता, म्हणून त्यांनीही घातला नाही. पाट गाळाने भरत गेला. सातव्या वाडीला पाणी पोचायला पाच दिवस लागत, ते दहा लागू लागले.

सात वर्षांपूर्वी लोकांनी खडे ठेवले एका व्यापाऱ्याच्या तराजूपुढे. लोक म्हणाले, "शेठना काय कमी आहे? ज्याचं पोट भरलेलं, तो आपलं कशाला खाईल?" शेठनी पदरच्या पैशाने पाटातला गाळ काढला, पण पहिल्या दोन वाड्यांपुरता. त्यांचा ऊस तिथे होता. पाणीही आधी उसालाच मिळू लागलं. कुणी बोलेना. ज्याने पाट साफ केला त्याला काय बोलणार? सातव्या वाडीतल्या अकरा घरांपैकी चार घरांनी दारं ओढून घेतली, भांडीकुंडी गाडीवर घातली आणि मुलूख सोडला.

सातव्या वाडीत एक बाई होती. नवरा गेलेला, दोन एकर जमीन, विहीर आटलेली. तिला सगळे मावशी म्हणत. उरलेल्या सात घरांनी ठरवलं होतं, की या उन्हाळ्यात पाणी आलं नाही तर आपणही निघायचं. गाडी दुरुस्त करून ठेवली होती. त्या गाडीकडे मावशी बघत नसे. ती रोज उठून पाटाच्या काठाने वर चालत जाई आणि पाणी कुठे अडतं ते शोधत राही.

पाचव्या वाडीच्या वळणावर, उंबराखाली, खेकड्यांनी पाटाचा काठ पोखरला होता. तिथून पाणी गळून ओढ्यात जात होतं. मावशीने शेठच्या माणसांना सांगून पाहिलं होतं, पण टोकाच्या वाडीचं कोण ऐकणार? गेली दोन वर्षं तिला एक नवल दिसत होतं. कुणीतरी त्या बिळांत दगड ठोकून बसवले होते. दगडांच्या फटींतून पाणी जायचंच. पण कुणीतरी प्रयत्न केला होता. तो कोण, ते तिला ठाऊक नव्हतं.

अशात माघातली पौर्णिमा आली. या वेळी पारावर तीन खुणा होत्या. शेठचा तराजू होता. थोरल्यांच्या मुलाने पाठवलेली तीच जुनी काठी होती. आणि मधोमध होती एक तलवार.

तलवार एका शिपायाची होती. शत्रू डोंगरावरून उतरला तेव्हा त्याने मूठभर सोबत्यांसह खिंड रोखून धरली होती. त्यात त्याचा डावा हात मनगटापासून गेला. वर्षापूर्वी तो गावी परतला, तेव्हा सातही वाड्या त्याला आणायला वेशीपर्यंत गेल्या होत्या. मावशीही गेली होती. रडलीही होती.

सकाळपासूनच तलवारीपुढे खड्यांचा ढीग वाढत होता. तराजूपुढे थोडे होते. काठीपुढे दोन खडे होते, आणि तेही त्या घरच्या गड्यांनी ठेवलेले. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून हसत होता. "बापाने गाळ भरला, आता पोरगा तळंच बुजवेल," असं कुणी म्हणालं.

खरं सांगा, तुम्ही तिथे असता तर तुमचा खडा कुठे ठेवला असता? माझा तलवारीपुढेच गेला असता.

मावशी आली, पण खडा हातात घेऊन उभीच राहिली.

"मावशी, आटपा, ऊन चढलं," पारावरचा पंच म्हणाला.

"ठेवते. एक विचारायचं होतं. पाणी कमी पडलं तर शिपाईदादा आधी कुणाला देणार?"

मग लोहार पुढे आला. "ज्याने तुझ्यामाझ्यासाठी हात दिला, त्याची झडती घेतेस होय?"

"हात दिला ते खरंच. त्यासाठी मी जन्मभर त्यांच्या पाया पडेन. आत्ता मी पाण्याचं विचारतेय."

"तलवारीला विचार की. समोरच आहे," मागून कुणी म्हणालं, आणि लोक हसले.

"ती बोलत नाही," मावशी म्हणाली. "म्हणून तर तिच्या मालकाकडे जाते, त्याला तोंड आहे."

असं आजवर कुणी केलं नव्हतं. तिला अडवावं की नाही, हे पंचांना ठरवता येईना. तोवर ती शिपायाच्या दारात पोचली होती.

"आज दार उघडायचं नसतं," आतून आवाज आला.

"मग लावूनच बोला. मला उत्तर हवंय, दर्शन नको."

थोड्या वेळाने कडी निघाली. शिपाई एका हाताने आणि दातांनी शेळीच्या दाव्याला गाठ मारत होता. मावशीने दाव्याचं दुसरं टोक धरलं आणि पारावर विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं.

"मला ठाऊक नाही," शिपाई म्हणाला. "सोळाव्या वर्षी गाव सोडलं. तीस वर्षं हुकूम आला की उभा राहिलो. पाटाला वळणं किती, तेसुद्धा माहीत नाही मला."

"मग तलवार का पाठवलीत?"

"भावाने नेली. म्हणाला, तू नुसता घरात बस. इतके लोक म्हणतायत तर असेल आपल्यात काहीतरी, असं मलाही वाटलं."

गाठ बसली. शिपाई शेळीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. मग तो हळूच म्हणाला, "खिंडीत आम्ही तेरा जण होतो. आमच्यावर एक नायक दिला होता. मोठ्या घरचा, उत्तम घोडा, अंगावर उंची चिलखत. त्याने पलीकडची वाट कधी पाहिलेली नव्हती. आणि पाहिली आहे का, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. मोठ्या घरच्या माणसाला कसं विचारणार? शत्रू त्याच वाटेने आला. नऊ जण तिथेच राहिले."

शिपाई उठला, पागोटं बांधलं आणि तिच्याबरोबर निघाला.

त्याला येताना पाहून सगळा पार उठून उभा राहिला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. सरळ गेला आणि तलवार उचलली. ढीग ढासळला, खडे घरंगळून लोकांच्या पायांत गेले.

"तुम्ही मला मान दिलात, तो मी घेतला," तो म्हणाला. "पण पाटाबद्दल मला काही कळत नाही. तलवारीला तर त्याहून कळत नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. लोहाराचे डोळे भरून आले. "बघा, किती सरळ माणूस आहे. असाच कारभारी पाहिजे. उचला रे खडे."

"थांबा," शिपाई म्हणाला. "आधी हातासाठी ठेवत होता, आता सरळपणासाठी ठेवताय. माझ्या सरळपणाने हिच्या शेतात पाणी जाणार आहे का? ज्यांना कारभार हवाय त्यांना घरातून बोलवा. इथे उभं करा. आणि ज्याच्याकडे पाणी सर्वांत शेवटी पोचतं, त्याला आधी विचारू द्या."

रीत मोडत होती. पण मोडणारा तो होता, म्हणून पंचांनी माणसं धाडली.

शेठ आले. मावशीने विचारलं. शेठ म्हणाले, "मी याहून मोठं दुसरं तळं खोदून देतो. खर्च माझा. मग कमी पडायचा प्रश्नच नाही."

"या उन्हाळ्यात?"

"छे, चार वर्षं तरी लागतील."

"या उन्हाळ्यात पाणी आलं नाही तर आम्ही निघालो. गाडी तयार आहे."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी आपल्या तराजूकडे पाहिलं. पण तिथे उत्तर नव्हतं.

मग थोरल्यांचा मुलगा आला. त्याला पाहून मागून कुणी म्हणालं, "या धाकटे सरकार, चिखलाला जपून या." मुलगा मान खाली घालूनच बोलू लागला.

"पाणी मुळात इतकं कमी नाही. पाचव्या वाडीच्या वळणावर, उंबराखाली, खेकड्यांनी काठ पोखरलाय. निम्मं पाणी तिथून ओढ्यात जातं. मी दगड घातले, पण दगडांनी भागत नाही. चिकणमाती कुटून भरायला हवी. ते एकट्याचं काम नाही."

मावशीने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांची टोकं खरचटलेली होती.

"ते दगड तुझे?"

"हो."

"घरी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. वडील म्हणाले, आपल्या घरातली माणसं खेकड्यांच्या मागे जात नाहीत."

या वेळी लोक हसले, ते त्याला नव्हे.

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?" लोहाराने विचारलं.

"कुणी विचारलं नाही. आणि वडिलांचा कारभार संपल्यापासून आमच्या घरचं कुणी ऐकूनही घेत नाही."

काठी पाहून ज्यांनी बापाला निवडलं होतं, तेच काठी पाहून पोराला हसले होते. दोन्ही वेळा त्यांनी फक्त काठीच पाहिली होती.

"आणि तरीही कमी पडलंच तर?" मावशीने विचारलं.

"शेवटून सुरुवात करायची. आधी सातवी वाडी, मग सहावी, सर्वांत शेवटी पहिली. टोकाला पाणी पोचल्याशिवाय वरच्यांना मिळणार नसेल, तर वरचेच लोक पाट राखतील."

"पहिल्या वाडीत तुमचीच शेतं आहेत."

"आहेत."

"वडील काय म्हणतील?"

"रागावतील."

"मग?"

मुलाने थोडा विचार केला. "मग रागावलेले राहतील."

पार खळखळून हसला. मावशी पुढे झाली. तिने खडा काठीपुढे ठेवला नाही. मुलाचा हात उलटा करून तो त्याच्या तळव्यावर ठेवला. तिच्यामागून लोहार आला, मग बाकीचे. तळवा भरला तेव्हा मुलाने उपरणं पसरलं.

दुसऱ्या दिवसापासून सातही वाड्यांनी उंबराखाली चिकणमाती कुटली. तळ्याच्या दारावर पाळीबाहेर कुणी हात लावू नये म्हणून राखणीला कुणीतरी हवं होतं. शिपाई म्हणाला, "उभं राहायचं काम मला येतं." शेठचा माणूस एकदा उसासाठी दार उघडायला आला, शिपायाला पाहिलं आणि न बोलता परत गेला. शेठच्या बैलगाड्यांनी मात्र माती वाहिली. तेही सांगायला हवं.

चैत्रात सोडलेलं पाणी पाचव्या दिवशी सातव्या वाडीत पोचलं. मावशीने पाटात हात घालून पाहिलं, मग फावडं घेतलं आणि शेताची वाट मोकळी केली. दुरुस्त केलेल्या गाडीतून त्या वर्षी शेणखत वाहिलं. गेलेल्या चार घरांपैकी दोन परत आली. दोन कधीच आली नाहीत.

तेव्हापासून पारावर खूण मांडणं बंद झालं. ज्याला कारभार हवा, तो रिकाम्या हातांनी येऊन तिथे उभा राही आणि पहिला प्रश्न सातवी वाडी विचारी. सात वर्षांनी थोरल्यांच्या मुलालाही तसंच उभं केलं. दुसऱ्या प्रश्नाला त्याला नीट उत्तर आलं नाही. तिसऱ्या वाडीतल्या एका कुंभारणीला आलं. लोकांनी त्याला नारळ दिला आणि खडे तिला दिले.

तलवार देवळात टांगलेली होती. जाता-येता लोक तिला हात जोडत. पण पाण्याबद्दल तिला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

तात्पर्य: शौर्याचा मान राखावा, धनाचा आणि घराण्याचा द्वेष करू नये, पण कारभार कुणाच्या हाती द्यायचा, हे त्या माणसाला समोर उभं करून, विचारून ठरवावं.