बारा कोसांची वाट

“पण महाराज, पोहोचायची घटका एकच असेल, तर आत्ताच पाय कशाला शिणवायचे?”

गिरणेकाठच्या त्या मठात गणितात त्रिविक्रमाच्या तोडीचा कोणी नव्हता, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

उजाडता उजाडता त्याचा भाऊ निरोप घेऊन आला होता. वडिलांनी अंथरूण धरलं होतं, सारखं त्याचंच नाव घेत होते. एवढं सांगून, घोटभर पाणी पिऊन भाऊ उलट पावली परतलाही.

केवलगिरी महाराज धुनीपाशी बसले होते. “सांग तुझं गणित.”

“गाव बारा कोस. पायी प्रहराला चार कोस, म्हणजे तीन प्रहर. घोड्याचा वेग दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. पाटलांचा घोडा दीड प्रहराने मोकळा होईल. आत्ता पायी निघालो काय नि तेव्हा घोड्यावर निघालो काय, पोहोचणार एकाच वेळी.”

“घोडा आणखी जोरात पळाला तर?”

“वेळ आणखी कमी. वेग ज्या पटीनं वाढतो, त्याच पटीनं वेळ घटतो. अंतर तेवढं बदलत नाही.”

“बरोबर आहे.”

त्रिविक्रमाची मान ताठ झाली.

“घर सोडून किती वर्षं झाली?”

“नऊ.”

“नऊ वर्षांत घोडा मिळाला नाही?”

नऊ वर्षांपूर्वी ‘तुमच्या नांगरामागे माझी अक्कल गंजेल,’ असं वडिलांना बोलून, पाया न पडता तो निघाला होता.

महाराजांनी काठी घेतली आणि ते दाराबाहेर पडले.

“महाराज, कुठे निघालात?”

“तुझ्या घरी. कोणीतरी जायला हवं.”

“या गुडघ्यांनी? प्रहराला दोन कोसही होणार नाहीत. सहा प्रहर लागतील!”

“लागू देत.”

त्रिविक्रम उंबऱ्यातच उभा राहिला. पाय उचलेना. “मी... मी कोणत्या तोंडानं जाऊ त्यांच्यापुढे?”

महाराज वळले. “उभ्या माणसाला बारा कोसांना किती वेळ लागतो?”

उत्तराची वाट न पाहता महाराज चालू लागले.

मग तो धावला. नदीच्या वाळूत त्यानं महाराजांना गाठलं, त्यांचे पाय धरले. “आपण परत फिरा. मी जातो.”

चार पावलं गेला आणि थबकला. “महाराज, मी पोहोचेपर्यंत... ते असतील ना?”

महाराजांनी काठीनं वाट दाखवली.

“वेळ तुझ्या हातात नाही, अंतर तेवढं तुझं आहे. चाल.”