खांदेपालट

“जोर का लावत नाही, वस्ताद?”

कासीमवस्तादांचा तळवा शिवलिंगच्या उजव्या खांद्यावर नुसता टेकलेला होता. झोपलेल्या तान्ह्या बाळावर हात ठेवावा तसा.

शिवलिंग वाट बघत राहिला. आता दाबतील, मग दाबतील. एके काळी याच हातांनी त्याच्या पोटऱ्या अशा रगडल्या होत्या, की ओरडू नये म्हणून तो पंच्याचं टोक दातांत धरायचा.

हात हलला नाही.

“एवढ्यानं माशीसुद्धा उठायची नाही, वस्ताद.”

“नको उठू दे,” वस्ताद म्हणाले. “बसू दे तिला.”

…

शिवलिंग कोरे कृष्णाकाठच्या त्या गावात कितीतरी वर्षांनी लांबच्या मुक्कामाला आला होता. गाव त्याचंच, पण त्याला ओळखायचे ते पुण्याचा म्हणून. तिथं त्याची मोठी तालीम होती. त्याच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी गदा आणल्या होत्या. पोरं त्याला भ्यायची, आणि त्यांनी भ्यावं असंच त्याला वाटायचं. दुखतंय म्हणणाऱ्याला तो दुप्पट बैठका मारायला लावी.

मग त्याचा स्वतःचाच खांदा धरला.

आधी सकाळी उठताना आखडायचा. मग हात छातीच्या वर जाईना. सदऱ्याच्या बाहीत हात घालायला बायको लागू लागली. पोरांना डाव दाखवताना तो डाव्या हातानं दाखवायचा आणि उजव्या हातानं असाच करा म्हणून सांगायचा. पोरं मान हलवायची, पण एकमेकांकडं बघायची. ते त्याला दिसायचं.

डॉक्टरांनी फोटो काढून बघितले. काही तुटलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं. डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं मोसंबीच्या फोडीवरच्या पापुद्र्याचं उदाहरण देऊन समजावलं. आपल्या स्नायूंवर, सांध्यांवर तसंच एक पातळ आवरण असतं, ते सगळ्या अंगभर एकमेकांत गुंतलेलं असतं, ते आक्रसलंय. हळुवार हालवत राहा, सैल होईल.

‘हळुवार’ हा शब्द शिवलिंगला लागला.

त्यानं तालमीतल्या सगळ्यांत दांडग्या पोराला पाठीवर कोपर रोवायला लावलं. वरून गरम तेल ओतून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला जेवताना घासही उजव्या हातानं तोंडाशी नेता येईना. शेवटी डॉक्टर म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर भूल देऊन हात जोरानं वर करून सोडवावा लागेल. हे मात्र शिवलिंगला पटलं. जोर त्याला समजत होता.

बायको म्हणाली, त्याच्या आधी एकदा वस्तादांकडं जाऊन या.

…

वस्ताद गावच्या तालमीच्या मागच्या खोलीत सुनेजवळ राहत होते. ऐंशीच्या पुढं गेलेले, अंगाची नुसती काठी उरलेली. हातांना कंप होता. चहाची बशी ओठाशी नेईपर्यंत निम्मा चहा धोतरावर सांडायचा. पण तोच हात कुणाच्या अंगावर ठेवला, की कंप थांबायचा.

तालमीचं दार तसंच बुटकं होतं. आत वाकूनच जावं लागे. आतला उजेडही तोच, कौलांमधून तिरका उतरणारा, धुळीनं भरलेला. भिंतीला टेकवलेल्या मुद्गलांच्या जोड्यांच्या मुठी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. शिवलिंगनं एका मुठीवर बोटं फिरवली आणि कुणाच्या हाताची झीज कुठली, हे त्याला आठवायला लागलं.

कुस्तीच्या हौद्यातली माती मात्र दगड झाली होती. गावातली पोरं आता एसटी स्टँडजवळच्या जिममध्ये जायची. पूर्वी या मातीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबाचा रस जायचा, आणि पहाटे दार उघडलं की तो वास अंगावर यायचा. शिवलिंगनं वाकून वास घेतला. काहीच आलं नाही.

तो फावडं शोधायला लागला. डाव्या हातानं खणतो म्हणाला.

वस्तादांनी नको म्हटलं. त्यांनी सुनेकडून कळशीभर पाणी मागून घेतलं आणि संध्याकाळी ते मातीवर शिंपडत बसले. थोडं शिंपडायचं, थांबायचं. रात्रभर गोणपाट घालून ठेवलं. सकाळी माती बोटांनी उकरता येत होती.

…

पहिले काही दिवस नुसता हात ठेवण्यातच गेले. कधी खांद्यावर, पण बऱ्याचदा भलतीकडंच. मानेच्या मुळाशी. बरगडीवर. डाव्या कमरेखाली. शिवलिंगनं सांगून पाहिलं, की दुखणं उजवीकडं आहे.

वस्ताद म्हणाले, सदऱ्याची एक कड खिळ्यात अडकली, तर ओढ कुठल्या बाहीला बसंल, हे सांगता येतंय का?

मग त्यांनी त्याला हौद्यात उताणं झोपवलं. गुडघे वर घेऊन दोन्ही मिळून एकदा इकडं, एकदा तिकडं नुसते कलू द्यायला सांगितलं. ढकलायचे नाहीत. मान वळवायची, पण बघायला काही आहे म्हणून वळवावी तशी. दातावर दात ठेवायचे नाहीत. जांभई द्यायची. येत नसेल तर खोटी द्यायची, खरी मागून येते.

शिवलिंगला लाज वाटली. बुटक्या दाराकडं त्याचं सारखं लक्ष होतं. कुणी बघितलं तर काय म्हणेल, पुण्याचा पैलवान पाळण्यातल्या पोरासारखा मातीत लोळतोय.

“हे काय वस्ताद… पोरासारखं.”

“पाळन्यातलं पोर खांदा धरलाय म्हनून माझ्याकडं कवा आलं न्हाई.”

शिवलिंग हसला नाही.

“पण तुम्हीच आम्हाला रगडायचा. दगडासारखे हात होते तुमचे.”

वस्तादांनी आपले तळवे उलटेसुलटे करून बघितले.

“हुते,” ते म्हणाले. “मलाबी तवा येवढंच कळायचं.”

त्यानंतर शिवलिंगनं दाराकडं बघणं कमी केलं. गुडघे कलायचे, परत यायचे. कौलांतला उजेड पोटावरून सरकत जायचा. एका सकाळी त्याला झोप लागली, आणि जाग आली तेव्हा आपण आत्ता पंधरा-सोळा वर्षांचे आहोत आणि दाराबाहेर कुणीतरी आपली वाट बघत शीळ घालतंय, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं. तो उठून बसला. बाहेर कुणी नव्हतं.

हात मात्र होता तिथंच होता. छातीच्या वर जात नव्हता.

तो चिडला. वस्तादांना म्हणाला, की माझी तारीख ठरलीय, डॉक्टर भूल देऊन हात सोडवणार आहेत, उद्या निघतो.

वस्तादांनी बरं म्हटलं. निघण्याआधी एकदा हौद्याच्या काठावर बस म्हणाले. आणि त्याच्या मागं बसून त्यांनी हात ठेवले, या वेळी दोन्ही खांद्यांवर.

“कवापास्नं धरलाय?”

“चैत्रापासून.”

“चैत्रात काय झालं?”

“काही नाही. पडलो नाही, लागलं नाही.”

वस्तादांचे हात तसेच राहिले. त्या हातांखाली श्वास वर यायचा, खाली जायचा.

…

“मैपती गेला,” शिवलिंग म्हणाला.

महिपती गवंडी शिवलिंगचा जोडीदार. जोडीदार म्हणजे तालमीत रोज ज्याच्या अंगाला अंग भिडतं तो. अंगात वारं भरायला लागल्यापासून दोघं एकमेकांना धरत आले होते. महिपतीचा घाम, त्याच्या मानेचा पीळ, डाव टाकायच्या आधी त्याचा श्वास कसा अडतो, हे शिवलिंगला स्वतःच्या बायकोपेक्षा आधी माहीत झालं होतं. शिवलिंग गदा मारायला शहरात गेला. महिपती गावात राहिला, भिंती बांधत. जत्रेला शिवलिंग आला की दोघं रात्री हौद्याच्या काठावर बसायचे. बोलणं फार नसायचं. उठताना महिपती त्याच्या मानेवर हात मारून दाबायचा, आणि म्हणायचा, सुटलास रे.

चैत्रात महिपती एका घराच्या चौथऱ्यावर काम करता करता बसला तो उठलाच नाही.

“मी बघत हुतो,” वस्ताद म्हणाले. “चावडीच्या कट्ट्यावर बसून.”

शिवलिंग काठाखालची माती पायाच्या बोटानं उकरायला लागला.

“येशीपाशी तिरडीची खांदेपालट झाली. समद्यांनी खांदा बदलला. तू बदलला न्हाईस.”

“मला बदलावासा वाटला नाही.”

“नदीपातूर तसाच नेलास. उजव्याच खांद्यावर.”

“मीच न्यायला पाहिजे होतं.”

“न्हाई कोन म्हनतंय?”

…

“आनि माझ्याकडं न येता सांजच्यालाच गेलास,” वस्ताद म्हणाले.

“पुण्याला पोरांचं मैदान होतं.”

वस्तादांनी मान हलवली. शिवलिंगला ती दिसली नाही, पण हातातून कळली. तो म्हणाला,

“तुमच्याकडं आलो असतो, तर रडलो असतो.”

आता बाहेर ऊन चढलं होतं. ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर गल्लीतून गेला आणि कौलं थरथरून परत गप्प झाली.

वस्तादांनी खांद्यांवरचे हात काढले. भिंतीला धरून उठले. वहाणा काढल्या, धोतराचा काचा मारला आणि हौद्यात उतरले.

सून दारातून बघत होती. तिनं घाबरून त्यांना हाक मारली, पडलात तर हाड मोडेल म्हणाली. वस्तादांनी तिच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली. मग शिवलिंगपुढं येऊन उभे राहिले. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. म्हातारपण कमरेत होतं, पण उभं राहणं तेच होतं, त्यानं पहिल्यांदा या दारातून आत आल्यावर पाहिलेलं.

“ऊठ. धर.”

शिवलिंग उठून हौद्यात उतरला. कसं धरावं, त्याला समजेना. आयुष्यभर त्यानं धरलं ते पाडण्यासाठी. समोर हे एवढंसं अंग. बोट रुतलं तरी निळं पडेल असं.

वस्तादांनी थरथरता हात वर केला आणि शिवलिंगच्या मानेमागं ठेवला. कंप थांबला. कपाळ त्याच्या कपाळाला लावलं. कुस्ती सुरू होताना दोघं जसे उभे राहतात, तसेच.

“धर की.”

शिवलिंगनं धरलं.

दोघं तसे उभे होते. कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. वस्तादांचा तोल थोडा डावीकडं गेला, शिवलिंग त्याच्याबरोबर गेला. उजवीकडं आला, तोही आला. झोके घ्यावेत तसं. पायाखालची माती ओली होती आणि तळपायांना मऊ लागत होती. म्हाताऱ्याचा श्वास तोंडावर येत होता. त्याला विड्याचा वास होता.

शिवलिंगच्या तोंडून एक आवाज आला. त्याचा त्यालाही तो ओळखू आला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. चैत्रापासून न रडलेला तो माणूस वस्तादांच्या कपाळाला कपाळ लावून रडला, आणि रडताना आपलं वजन त्यांच्यावर पडू नये, म्हणून जपतही राहिला. दारातली सून पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

हा प्रसंग पुढं शिवलिंग पुण्यात आपल्या पोरांना सांगायचा. डॉक्टरांकडं तो गेला तो हात दाखवायला, भूल घ्यायला नाही. डॉक्टरांनी हात चोहोबाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, काय केलंत? त्याच्या तालमीत पोरांना दिवसातला थोडा वेळ मातीत नुसतं लोळायला मिळू लागलं. नवी पोरं हसायची, जुनी गप्प राहायची.

पण सांगताना तो नेहमी एका जागी थांबायचा. रडणं ओसरल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं, की आपला उजवा हात वर आहे. वस्तादांच्या मानेमागं, पांढऱ्या केसांत. तो तिथं कधी गेला, ते त्याला माहीत नव्हतं.

त्यानं तो हात तसाच ठेवला. हलवायची भीती वाटली. बराच वेळ गेला. म्हाताऱ्याचे पाय आता लटपटायला लागले होते.

“वस्ताद…”

“हं.”

“आता सोडू?”

वस्तादांचे डोळे मिटलेलेच होते.

“सोड कुनी म्हटलं? सैल धर.”