दोन वाडगे आणि तांबडी शाई

फार पूर्वी इंग्लंडात एक राजा नव्हता, चार-पाच होते, आणि ते सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असत. तेव्हाची ही गोष्ट. उत्तरेच्या समुद्रकाठी एका ख्रिस्ती मठात एक विद्वान साधू राहायचा. त्याचं खरं नाव आपल्या जिभेवर बसायचं नाही, म्हणून आपण त्याला शास्त्रीबुवाच म्हणू. तसा तो होताही. सूर्य-चंद्राचं गणित त्याला तोंडपाठ होतं आणि दुसऱ्याची चूक त्याला दुरून दिसायची.

त्या काळी तिथे मोठा वाद होता तो ईस्टरचा. येशू ख्रिस्त पुन्हा उठला तो दिवस म्हणजे ईस्टर. त्याआधी चाळीस दिवस उपास, अंडं नाही की दूध नाही. पण हा सण ठरलेल्या तारखेला येत नाही. वसंतातली पौर्णिमा पाहून पुढचा रविवार गणितानं काढावा लागतो, आणि त्या देशात गणितं होती दोन. एक रोमहून आलेलं, दुसरं पश्चिम समुद्रापलीकडून आयर्लंडच्या साधूंनी आणलेलं. काही वर्षी दोन्हींचा रविवार एकच यायचा, काही वर्षी आठवड्याचा फरक पडायचा. मग एकाच घरात एकजण अंडी खातोय आणि दुसरा उपाशी, अशी गंमत. शेवटी उत्तरेच्या राजानं सभा भरवून रोमचं गणित खरं ठरवलं. आयरिश साधू आपली पुस्तकं पाठीवर बांधून परत गेले. एक म्हातारा तेवढा राहिला, कारण त्याचे गुरू याच किनाऱ्यावर पुरलेले होते.

हा म्हातारा समुद्रातल्या एका खडकावर झोपडीत राहायचा. ओहोटी लागली की वाळूवरून चालत तिथे जाता येई, भरती आली की वाट बंद.

एकदा मठाच्या गुरूंनी शास्त्रीबुवाला बोलावून सांगितलं, "पुढच्या एकोणीस वर्षांच्या ईस्टरचा तक्ता कर. दोन्ही गणितं शेजारी शेजारी मांड. जिथं आयरिश साधूंचं चुकतं तिथं तांबडी शाई लाव, म्हणजे पुन्हा कुणी तोंड उघडायला नको."

शास्त्रीबुवा खूश झाला. काम शांतपणे व्हावं म्हणून तो मठापासून दोन दिवसांच्या वाटेवर, त्या खडकासमोरच्या किनाऱ्यावर एका दगडी खोलीत येऊन राहिला. आणि मग शांतता म्हणजे काय ते त्याला कळलं. आठवडेच्या आठवडे माणूस दिसत नसे. मठात दोन रांगा समोरासमोर बसून प्रार्थना म्हणत, एका रांगेनं एक ओळ, दुसरीनं पुढची. इथे तो सवयीनं आपली ओळ म्हणायचा आणि थांबायचा. पुढची ओळ कुणी म्हणत नसे. मग तीही त्यालाच म्हणावी लागे.

म्हणून ओहोटीच्या वेळी म्हातारा वाळू तुडवत आला की शास्त्रीबुवाला बरं वाटायचं. तसं तो बोलून मात्र दाखवत नसे. म्हातारा कधी शिंपले आणायचा, कधी जळण. ओकच्या झाडावरच्या गाठी कुटून शाई कशी करायची, कागदाऐवजी वापरायच्या वासराच्या कातड्यावरचं चुकलेलं अक्षर भोक न पाडता कसं खरवडायचं, हे सगळं त्यानंच शिकवलं. शिकवता शिकवता दोघे कडाकडा भांडतही.

"तुमचा चंद्र आमच्या चंद्राच्या मागे पडलाय, बाबा," शास्त्रीबुवा म्हणायचा.

"असेल. म्हातारा झालाय तोही," म्हातारा म्हणायचा आणि पाणी चढायच्या आत घाईघाईनं निघायचा.

पहिल्या वर्षी दोघांच्या सणांत आठवड्याचं अंतर पडलं. शास्त्रीबुवानं तक्त्यात ते वर्ष तांबडं केलं आणि एकट्यानंच सण केला.

दुसऱ्या वर्षी, उपास संपायला चार दिवस असताना, म्हातारा धापा टाकत आला. "अरे, यंदा दोघांचा रविवार एकच! पाहिलंस ना? सकाळी ओहोटी आहे, वाळू दुपारपर्यंत उघडी राहील. मी दोन वाडगे मांडतो. घंटा वाजवली की ये."

शास्त्रीबुवाच्या मनात पटकन 'येतो' असंच आलं होतं. पण त्याची नजर समोरच्या तक्त्यावर गेली.

"दिवस बरोबर आलाय, पण गणित चुकीचंच आहे," तो म्हणाला. "चुकून बरोबर आलेल्या उत्तराच्या पंगतीला मी बसलो, तर उद्या माझ्या तक्त्याला कोण विचारील?"

म्हातारा हसला. "तक्त्याला भूक नसते रे, बाळा. तुला असेल."

एवढं बोलून तो गेला.

ईस्टरच्या सकाळी खडकावर धूर दिसला आणि घंटा वाजू लागली. शास्त्रीबुवा दारात आला. वाळू लख्ख कोरडी होती. त्यानं वहाणा घातल्या, चार पावलं गेलाही. मग त्याला वाटलं, आज गेलो तर म्हातारा समजेल आपलंच खरं. तो परत फिरला आणि तक्त्यापुढे बसला. तक्त्यात त्या वर्षापाशी खूण करण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही रकाने सारखे, म्हणून जागा कोरीच राहिली.

घंटा बराच वेळ वाजत होती. भरतीचं पाणी वाटेवर आलं तेव्हा ती थांबली. शास्त्रीबुवानं आपलं अंडं सोललं आणि मिठाशिवाय खाल्लं. मीठ जवळच होतं, पण उठावंसं वाटेना.

त्यानंतरही म्हातारा यायचा, पण गुडघे दुखू लागल्यानं फेऱ्या कमी झाल्या. जेवणाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. शास्त्रीबुवानं मात्र गुपचूप पाहून ठेवलं होतं की दोघांचा एकच रविवार पुन्हा तीन वर्षांनी आहे. तेव्हा जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं. आता वेळ आहे, तोवर तक्ता पुरा होईल, मग गेलं तर कुणाला काय वाटणार?

त्या ईस्टरनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात खडकावरचा धूर दिसेनासा झाला. दोन दिवस शास्त्रीबुवानं वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ओहोटी लागताच तो वाळूवरून धावत सुटला. या वाटेवर त्याचं पाऊल पहिल्यांदाच इतकं पुढे पडत होतं.

म्हातारा आपल्या अंथरुणात शांत निजल्यासारखा पडला होता. अंग गार झालं होतं. चुलीशेजारच्या फळीवर दोन लाकडी वाडगे होते. एक वापरून गुळगुळीत झालेला, दुसरा कोरा. त्याला कधी कुणाचं बोट लागलेलं नव्हतं.

भिंतीला कातड्याचा एक तुकडा टांगलेला होता. त्यावर एकोणीस वर्षांचा तक्ता होता. दोन रकाने, तेच आकडे, एकही चूक नाही. त्यातही काही वर्षं तांबडी होती. शास्त्रीबुवानं बोट ठेवून पाहिलं. त्यानं स्वतः जी वर्षं तांबडी केली होती, ती इथे कोरी होती. त्यानं जी कोरी सोडली होती, ती इथे तांबडी होती, आणि प्रत्येकापुढे दोन छोटे वाडगे काढले होते. येणारा वसंतही तांबडा होता.

तो तिथेच बसून लहान मुलासारखा रडला. मग त्यानं म्हाताऱ्याला त्याच्या गुरूंशेजारी पुरलं आणि खोलीवर येऊन आपला तक्ता काढला. कातडं खरवडून त्यानं सगळा तांबडा रंग घालवला. भोक एकही पडलं नाही, शिकवणारा चांगला होता. मग कोऱ्या वर्षांना त्यानं तांबडी शाई लावली.

तक्ता घेऊन तो मठात गेला तेव्हा गुरू चिडले. "चुका कुठे दाखवल्यास?"

"त्या कुणालाही दिसतात, गुरुजी," शास्त्रीबुवा म्हणाला. "हे दिवस मात्र मला दिसले नव्हते."

वसंत आला तसा तो किनाऱ्यावरच्या खोलीत परतला. ईस्टरच्या सकाळी शास्त्रीबुवा एकटाच वाळू ओलांडून खडकावर गेला. त्यानं चूल पेटवली, दोन्ही वाडगे मांडले आणि घंटा वाजवली. पलीकडे किनाऱ्यावर त्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. दारात कुणी नव्हतं. पाणी वाटेवर येईपर्यंत तो घंटा वाजवत राहिला.

तात्पर्य एवढंच: आपलं कुठे पटत नाही ते मांडायला मोठी विद्वत्ता लागते. दिवस दोघांचा असेल तेव्हा उठून जायला नुसते पाय पुरतात, पण त्याच दिवशी जावं लागतं.