साळुंकीने मिटलेली चोच

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जुन्या देवराईत एक तरुण साळुंकी राहत असे. गळा खणखणीत आणि छातीत दम भरपूर. राईतल्या पिल्लांचं एक गायनपथक होतं. गाण्याचा पहिला सूर एकटीने लावायचा मान दोन वर्षं तिच्याकडेच होता. दर मार्गशीर्षात देशोदेशीची पाखरं खालच्या तलावावर उतरली, की तिथे पिल्लांच्या पथकांची मोठी स्पर्धा भरे. राईचं पथक आजवर एकदाही जिंकलं नव्हतं. यंदा जिंकायचंच, असा सगळ्यांनी चंगच बांधला होता.

पण यंदा पथकाच्या गुरुजींनी, म्हाताऱ्या भारद्वाजाने, पहिला सूर नव्यानेच आलेल्या एका बुलबुलला दिला. "हिचा आवाज कोवळा आहे. सुरुवात कोवळीच बरी," ते म्हणाले. साळुंकी वरवर हसली. शेजारच्या चिमणीने लगेच टोचलं, "काय गं, भरल्या पंगतीतून तुझं पान उचललं म्हणे?" त्यात आणखी एक भर पडली. गाण्याच्या शेवटी एक लांबच लांब सूर होता. तो एका दमात कुणालाच पेलणारा नव्हता, म्हणून गुरुजींनी जोड्या लावून प्रत्येक जोडीला त्या सुराची वेगळी पट्टी दिली होती. जोडीतल्या एकीने श्वास घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो तुटल्यासारखा वाटत नाही. बुलबुलची जोडी त्यांनी साळुंकीशी लावली. "तिचा दम तोकडा आहे, बाळ. तिला सांभाळ."

मान तिला आणि सांभाळायचं मी, हे साळुंकीच्या मनातून काही जाईना. मत्सराचं असंच असतं. ओलं सरपण चुलीत घातलं की जाळ दिसत नाही, धूर मात्र घरभर होतो. बुलबुल रोज तिच्यासाठी एखादं पिकलं उंबर घेऊन येई. साळुंकी ते खाई, पण गोड काही लागत नसे. शेवटी तिने मनाशी ठरवलं. स्पर्धेत बुलबुल श्वास घेईल, नेमकी तेव्हाच आपण चोच मिटायची. सूर तुटला की सगळ्यांना कळेल, कुणाचा दम अपुरा पडला ते.

स्पर्धेचा दिवस उजाडला. परीक्षक होती एक वयस्क हत्तीण. एवढे मोठे कान दुसऱ्या कुणाला नव्हते. उत्तरेकडच्या क्रौंचांचं गाणं झालं, रोहित पक्ष्यांचं झालं, मग राईचं पथक फांदीवर बसलं. बुलबुलने पहिला सूर असा अलगद लावला, की तलावही गप्प झाला. गाणं रंगत गेलं. शेवटचा लांब सूर आला. बुलबुलने रोजच्यासारखं विश्वासाने साळुंकीकडे पाहिलं आणि श्वास घेतला. साळुंकीने चोच मिटली. सूर मधूनच खचला. घाबरलेल्या बुलबुलने अर्धाच श्वास घेऊन तो उचलायला पाहिलं, तर तिचा आवाज चिरकला.

बक्षीस क्रौंचांना मिळालं. जाता जाता हत्तीण राईच्या पिल्लांपाशी थांबली. "गाणं तुमचंच सरस होतं, लेकरांनो. सुरुवात तर फारच गोड. पण घराचा मधला खांब काढून घ्यावा, तसा शेवटी एक आवाज नाहीसा झाला. सगळं गाणं त्याच्यावर उभं होतं."

साळुंकी जागच्या जागी थिजली. तो आवाज तिचा होता. इतके दिवस ज्या मानासाठी ती जळत होती, त्याहून मोठा मान तिच्याच पदरात होता आणि तिने तो स्वतःच्या हाताने टाकून दिला होता. तेवढ्यात बुलबुल रडत रडत गुरुजींना म्हणाली, "माझाच दम कमी पडला. पुढच्या वर्षी मला घेऊ नका."

आता गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. साळुंकीला तेच तर हवं होतं ना? पण ते रडणं तिला ऐकवेना. "गुरुजी, तिचं काही चुकलं नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "मी मुद्दाम चोच मिटली."

 गुरुजी तिच्याजवळ सरकले. "तुझ्यावर काय सोपवलं होतं, ते मीही तुला नीट सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "पण हिची क्षमा मी मागून भागणार नाही. ती तुलाच मागावी लागेल."

साळुंकी बुलबुलजवळ गेली. "मला तुझा पहिला सूर हवा होता."

"मग सांगायचंस तरी," बुलबुल डोळे पुसत म्हणाली. "एकटीने सुरुवात करताना मला भीती वाटते. तू शेजारी असतेस म्हणून तर मला धीर येतो." थोडा वेळ ती रुसून बसली. मग हळूच बाजूला सरकली आणि फांदीवर साळुंकीपुरती जागा केली.

तात्पर्य : दुसऱ्याला मिळालेल्या मानाकडे डोळे लावून बसलं, की आपल्यावर कोण विसंबून आहे ते दिसेनासं होतं. आणि मत्सराने हातून चूक झालीच, तर ती आपल्या तोंडाने कबूल करावी. परत यायला जागा मिळते.