उंचवट्यावरचा काळा दगड

निंबसरीच्या माळावर गवताने निम्मा खाल्लेला हा मातीचा उंचवटा दिसतो ना, पाहुणे, त्याला कोणी समाधी म्हणतात, कोणी धनगरांचे जुने ठाणे. काही शहाणे तर डोके टेकून जातात. याच्यात काहीही पुरलेले नाही. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणारा गडी, म्हणजे पिचर, ज्यावर उभा राहून फेकतो, तो हा उंचवटा. वरच्या काळ्या दगडावर ज्याचे नाव कोरले आहे, त्याने आयुष्यात एकच चेंडू फेकला. तुम्ही आणलेला नारळ तूर्त पिशवीतच ठेवा आणि ऐका.

असे सांगतात की, फार वर्षांपूर्वी मोठ्या शहरांच्या संघांची एक बेसबॉल लीग होती. तिला आणखी संघ हवे झाले, तेव्हा एक संघ निंबसरीच्या बाबगोंडा मगदूम या बेदाण्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतला. शेठने हा खेळ तोवर पाहिला नव्हता. हत्ती विकायला निघाला असता तर त्यांनी हत्तीही घेतला असता. नव्या संघाला खेळाडू मिळाले ते इतरांनी नको म्हणून टाकलेले. गावचा असा एकटा म्हाळू कोळेकर, संघाचा पिचर. मेंढरे वळवायला दगड भिरकावून त्याचा हात असा बसला होता की त्याचा चेंडू भल्याभल्यांच्या दांडक्याला लागत नसे.

उंचवट्याच्या माथ्यावर नियमाप्रमाणे रबरी पट्टी होती. पिचरने तिच्यावर मागचा पाय रोवून चेंडू सोडायचा. उद्‌घाटनाला शेठने प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते त्या पट्टीवरच नारळ फोडायचे ठरवले. आमच्याकडे नवीन वस्तू दिसली की नारळ तिच्याच डोक्यात घालतात. रबरावर आपटलेला नारळ म्हणे उसळला आणि पाहुण्यांच्या नडगीवर बसला. कोणीही शहाणा माणूस तिथे थांबला असता. शेठने अपशकुन झाला म्हणून पट्टी उपटली आणि स्वतःचे नाव कोरलेला हा गुळगुळीत दगड बसवला. लीगचे पंच शेठच्या घरी जेवून तृप्त झाले होते, त्यांनी दगड चालवून घेतला.

मग शेठ बिरोबाला नवस बोलले, की संघ जिंकेपर्यंत प्रत्येक हारीनंतर दगडावर आधीपेक्षा जास्त नारळ फोडीन. नवस बोलायला शेठ, आणि फेडायला म्हाळूचा पाय. दगडावर नारळाचे पाणी, त्यात कुंकू, वर तेल. म्हाळू घसरायचा, चेंडू भलतीकडे जायचा, संघ हरायचा, आणि पुढच्या सामन्याला टोपलीभर नारळ जास्त यायचे. पहिला हंगाम असा सरला. एकही सामना जिंकला नाही, आणि अख्ख्या गावात कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही.

म्हाळूने एकदा तोंड उघडले म्हणे. "मालक, नारळ कडंला फोडा. या दगडावर माझा पाय ठरंना."

"आरं, देवाचं पाणी हाय ते," शेठ म्हणाले. "तुझा पाय देवापेक्षा मोठा झाला व्हय?"

म्हाळूने पटक्याने दगड पुसायला घेतला, तर लोक अंगावर धावून आले. प्रसाद पुसतोस? पुसायचे नाही, पण निसरड्यावर उभे राहून जिंकून द्यायचे, असा आमच्या गावाचा न्याय.

दुसऱ्या हंगामात लीगने कळवले की एक तरी सामना जिंका, नाहीतर संघ मोडतो. शेवटचा सामना इथेच होता. त्या दिवशी दगडावर नारळाचा पाट वाहत होता. खेळ निम्म्यावर आला आणि म्हाळू घसरला. गुडघ्याचा आवाज प्रेक्षकांत ऐकू आला म्हणतात. तो उठला, पटका फाडून गुडघा आवळला आणि शेवटपर्यंत फेकत राहिला. संघ एका धावेने जिंकला. गावाने गुलाल उधळून शेठला खांद्यावर घेतले. म्हाळू याच उंचवट्यावर बसून राहिला, त्याला उठता येत नव्हते.

गाव सांगते की म्हाळूने संघासाठी पाय वाहिला. वाहिला कसला, घेतला. एवढे ऐकले की मला माझ्याच गावाची किळस येते. पुढच्या हंगामाआधी शेठने त्याला शाल दिली, हातात नारळ दिला आणि मणिपूरहून नवा पिचर आणला.

नवस फळला म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशीही शेठने दगडावर नारळ फोडले. म्हाळू काठी टेकत मैदानात आला. त्याला त्या पोराची भाषा येत नव्हती. त्याने धोतर वर करून गुडघा दाखवला आणि काठीने ओला दगड दाखवला. पोरगा शहाणा. तो सरळ शेठकडे गेला आणि चेंडू त्यांच्या हातात ठेवून बाजूला उभा राहिला. लोक वाट बघू लागले. प्रमुख पाहुणे म्हणाले, "फेका की शेठ." नाही म्हणायची सोय उरली नाही. शेठ जरीचे उपरणे सावरत स्वतःच्या नावावर उभे राहिले, हात मागे नेला आणि पाठीवर आपटले. चेंडू मागच्या मागे गेला. हसणारे लोक तेच होते, गुलाल उधळणारे. हंगाम संपायच्या आत शेठने संघ दुसऱ्या शहराला विकला.

त्याच साली शाळेची नवी खोली झाली. पाहुण्यांनी नारळ उचलला, तशी म्हाळूची बायको सत्यव्वा गर्दीतून पुढे आली. "हितं उद्यापास्नं कोन हुबं ऱ्हानार?" तिने विचारले. सगळे गुरुजींकडे बघू लागले. "मग नारळ त्येंच्या हातात द्या. अन् उंबऱ्याभाईर फोडू द्या." नारळ गुरुजींनीच उंबऱ्याबाहेर फोडला.

आजही निंबसरीत नारळ पाहुणा फोडत नाही. जो तिथे राबणार तोच फोडतो, आणि तोही बाजूला. परवा पाण्याच्या टाकीला मंत्री आले होते. नारळ फोडला व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या सदूने, मंत्री हार घालून बघत उभे होते. दगडावर मात्र आजही शेठचेच नाव आहे, आणि त्याला डोके टेकणारे कमी झालेले नाहीत.

तेव्हा तुमचा नारळ घरी घेऊन जा, पाहुणे. इथे तुम्हाला उभे राहायचे नाही.