कासारीण आणि 'आपला' पाट

एका गावात एक कासारीण होती. पंचक्रोशीत असं एक दार नव्हतं जिथे तिने हाळी घातली नाही, आणि अशी एक बाई नव्हती जिचा हात तिने हातात धरला नाही. बांगडी भरताना बायका घाबरून हात ताठ करत. मग ती म्हणायची, "हात सैल सोडा, वैनी. बांगडी जोरानं जात नाही, मायेनं जाते." बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची.

तिचे स्वतःचे हात मात्र मोकळे होते. नवरा गेला त्या दिवसापासून तिने हातात काच घातली नव्हती. विधवेने बांगडी घालायची नाही, अशी त्या गावाची रीत होती. ही रीत कुणी घातली, कधी घातली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, "आपली रीतच आहे तशी."

आता कासारणीचे गुडघे कुरकुरू लागले होते. डोक्यावरची टोपली उतरवावी असं रोज वाटे, पण टोपली उतरवली तर पोटाला काय?

गावात एक सोय होती. विहिरीखालची जमीन सामाईक होती. ज्यांना शेत नाही त्यांना पंच तिथे एकेक वाफा देत. उन्हाळाभर भाजी पिकवा, खा, उरली तर बाजारात न्या. अट एकच. वैशाखी पौर्णिमेला पंच बाग बघायला येत. वाफा हिरवा दिसला तर तो जन्मभर तुमचा. वाळलेला दिसला तर गावाचा, आणि पुन्हा मागायला तोंड नाही.

कासारणीला वाफा मिळाला, पण अगदी शेवटचा. नव्या माणसाला शेवटचाच मिळतो. तिला त्याचं काही वाटलं नाही. बांगड्या भरून झाल्या की बायका तिच्या पदरात चिमूटभर बी घालत, ते तिने वर्षानुवर्षं गाठी मारून जपलं होतं. शिवरात्र झाल्यावर तिने त्या गाठी सोडल्या. भेंडी लावली, काकडी लावली, कडेने दोडक्याचे वेल चढवले. पहिलं पान वर आलं तेव्हा ती वाफ्यापाशी बसून चक्क रडली.

बागेला पाणी असं मिळायचं: सकाळी मोट चालून हौद भरायचा. संध्याकाळी हौदाचा बोळा काढला की पाणी एका लांब पाटाने वाहत एकेका वाफ्यात शिरायचं. पहिला वाफा गुरवाचा, मधला सुतारणीचा, आणि कासारणीच्या अलीकडचा तांबटाचा. बाकीचे त्यांच्या अधेमधे.

चैत्र तापला आणि शेवटच्या वाफ्यात पाणी येईनासं झालं. आधी धार आली, मग नुसती ओल, मग तीही नाही. भेंडीची पानं माना टाकू लागली. कासारीण पाटाच्या काठाकाठाने वर चालत गेली, तेव्हा तिला सगळं कळलं. पाटात हरळी माजली होती. उंदरांनी काठ पोखरले होते. निंदून काढलेलं तण लोकांनी खुशाल पाटातच फेकलं होतं. गुरवाच्या वाफ्यासमोर तर काठ फुटून पाणी रस्त्यावर चाललं होतं, आणि तिथे एक म्हैस आनंदाने लोळत होती.

"गुरवबाबा, तुमच्यासमोर पाट फुटलाय," ती म्हणाली.

गुरव भेंडी तोडत होता. "हो की! आपला पाट आहे, आपणच बघायला पाहिजे," तो म्हणाला आणि पुन्हा भेंडी तोडू लागला.

ती सुतारणीकडे गेली. सुतारीण हळहळली. "अगं बाई, आपला पाट ना तो! आपण सगळ्यांनी मिळून एकदा करायलाच हवा." ते एकदा म्हणजे कधी, ते तिने सांगितलं नाही.

तांबट म्हणाला, "आपल्या पाटाचं हे असंच आहे हो."

आता 'आपला' हा शब्द किती गोड आहे बघा. त्यात मी येतो, तुम्ही येता, सगळं गाव येतं. पण फावडं उचलायची वेळ आली की त्याच शब्दातून एकेक जण हळूच बाहेर पडतो. माझी भेंडी, माझी काकडी, माझा भोपळा, आणि पाट तेवढा आपला!

कासारीण बोलायला फटकळ होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बांगडी फुटली तर आपण फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. पण पाट फुटला तर वाढत नाही हो, तो फुटतोच!"

लोक पोट धरून हसले आणि आपापल्या कामाला लागले.

मग तिने स्वतःच खुरपं घेतलं. गुडघ्याला फडकं बांधून तिने हौदापासून शेवटापर्यंत हरळी उपटली, बिळं बुजवली, काठ लिंपले. पाणी खळखळत शेवटच्या वाफ्यात आलं आणि भेंडीने माना वर केल्या. येणारेजाणारे म्हणाले, "वा, कासारीणबाई, आपला पाट काय लख्ख केलात!"

पण काही दिवसांत पाट पुन्हा तुंबला. लोक आता आणखीच निश्चिंतपणे त्यात तण टाकू लागले होते. साफ करायला कासारीण आहेच की! सुतारणीने तर तिला हाक मारून सांगितलं, "अहो, आमच्यासमोर गाळ साठलाय बरं का." कासारणीची कंबर धरली होती. तिने दुसऱ्यांदा पाट उपसायला घेतला, पण अर्ध्यातच मटकन खाली बसली. चांगुलपणाला लोकांनी नोकर ठेवलं की त्याला सुटी मिळत नाही.

वैशाख लागला. दोडक्याची फुलं गळू लागली.

तांबट तसा वाईट माणूस नव्हता. त्याला तिची दया आली. तो हळूच म्हणाला, "एक सांगू? दुपारी सगळं गाव डोळे मिटून पडलेलं असतं. हौदाचा बोळा काढायचा, सगळ्यांच्या वाफ्यांची तोंडं मातीने बंद करायची आणि आपला वाफा भरून घ्यायचा. पौर्णिमेपर्यंत तगला म्हणजे झालं. वाफा तुमचा! पुढचं पुढे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कासारीण हौदापाशी गेली. बागेत चिटपाखरू नव्हतं. तिने बोळ्याला हात घातला. एक हिसका, की वाफा जन्मभर तिचा होणार होता. टोपली कायमची उतरणार होती.

पण तिचा हात हलेना. तिने बघितलं तर मनगट ताठ झालं होतं, बोटं आखडली होती. घाबरलेल्या बायकांचा हात ती जन्मभर बघत आली होती, अगदी तसा. खाली बाकीच्या अकरा वाफ्यांतली रोपं उन्हात संध्याकाळची वाट बघत उभी होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळवून तिचा वाफा हिरवा होणार होता.

"हात सैल सोड गं बाई," ती स्वतःलाच म्हणाली. "जोरानं घातलेली बांगडी रक्तच काढते."

तिने बोळ्यावरचा हात काढला. हौदाच्या सावलीत ती बराच वेळ बसून राहिली. मग काय सुचलं कोण जाणे, एकटीच हसली आणि लगबगीने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बागेत आले तर पाटाच्या कडेने खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येक वाफ्यासमोर एक. आणि प्रत्येक खुंटीला एक बांगडी अडकवलेली. गुरवाच्या खुंटीला हिरवी, गुरवीण घालायची तीच. सुतारणीच्या खुंटीला तिच्या आवडीची लाल, सोनेरी ठिपक्यांची. तांबटाच्या खुंटीला त्याच्या बायकोची जांभळी. कासारणीला घराघरातल्या बांगड्यांचे रंग पाठ होते. शेवटच्या खुंटीला, स्वतःच्या, तिने काहीच अडकवलं नव्हतं.

"हे काय आणि कशाला?" गुरव म्हणाला.

"या खुंटीपासून पुढच्या खुंटीपर्यंतचा पाट तुमचा," कासारीण म्हणाली. "खूण म्हणून वैनींची बांगडी लावली."

"पण पाट तर आपला आहे!"

"आहेच की. नको असेल तर सांगा. आत्ता काढून टाकते बांगडी."

गुरवीण मागेच उभी होती. ती दचकली. "अगं बाई, काढून काय टाकतेस! सवाष्णीची बांगडी अशी काढतात का?"

"मग राहू दे म्हणता?"

"राहू दे, राहू दे!"

बांगडी राहिली. पण बांगडीखाली चिखल, तण आणि म्हशीचं शेण. संध्याकाळी पाणी सुटलं, तुंबलं, आणि गुरविणीची हिरवी बांगडी गाळाने माखली. तिने नवऱ्याकडे असं बघितलं की भाकरीचा घास त्याच्या हातातच राहिला.

"माझी बांगडी चिखलात लोळतेय आणि तुम्ही जेवता? आधी तो तुमचा तुकडा साफ करा."

गुरव उठला. सुतारणीने बघितलं की गुरवाचा तुकडा लख्ख आहे आणि आपल्या लाल बांगडीवर माशा बसल्यात. तिला ते कसं सहन व्हावं? तिने काठ नुसते लिंपले नाहीत, वर शेणाने सारवून काढले. तांबटाच्या बायकोने कडेने झेंडूही लावला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच. "माझा तुकडा बघा! माझ्या तुकड्यात काडी सापडली तर सांगा!" पाटात तण टाकायची आता कुणाची छाती होईना, कारण ते कुणाच्या तरी बांगडीला जाऊन अडकणार होतं.

आणि पाणी? पाणी आता धावत शेवटाला येऊ लागलं. कासारणीचा वाफा तरारला. भेंडी बोटांएवढी झाली, काकडी पानाआड लपू लागली, दोडके वेलीवरून लोंबू लागले.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पाण्याची वेळ झाली होती. तीच ती म्हैस जुन्या आठवणीने पाटात उतरली आणि काठ ढासळला. तेवढ्यात गुरवाची आरोळी सगळ्या बागेत घुमली.

"अरे धावा! माझा पाट फुटला! माझा पाट फुटला!"

कासारीण हातातलं काम टाकून उभी राहिली. 'माझा' म्हणाला, गुरव 'माझा' म्हणाला! तिला इतका आनंद झाला की पाणी वाहून चाललंय हेच ती क्षणभर विसरली. गुरवाने खांद्यावरचं उपरणं गोळा करून भगदाडात कोंबलं. सुतारीण मातीची पाटी घेऊन धावली, तांबट फावडं घेऊन धावला, ज्याचा त्याचा हात लागला आणि बघता बघता काठ उभा राहिला. पाणी पुढे निघालं तेव्हा सगळी बाग त्याच्याबरोबर चालत चालत शेवटच्या वाफ्यापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी पंच आले. थोरले पंच म्हणाले, "आधी शेवटचा वाफा दाखवा. वाळतो तो नेहमी तोच." आणि शेवटच्या वाफ्यापाशी येऊन ते बघतच राहिले. बारा वाफ्यांत वाळलेलं पान नव्हतं, आणि सगळ्यांत हिरवा हाच होता. वाकून त्यांनी एक काकडी तोडली, मोडली, खाल्ली.

"वाफा तुझा," ते म्हणाले. "जन्मभर."

कासारणीने डोक्यावरची बांगड्यांची टोपली उतरवली आणि बांधावर ठेवली. मान मोकळी झाली.

तेवढ्यात गुरवीण पुढे झाली. शेवटची खुंटी रिकामी होती, ती तिला केव्हापासून खुपत होती. तिने टोपलीतून दोन हिरव्या बांगड्या घेतल्या. एक खुंटीला अडकवली, आणि दुसरी घेऊन कासारणीचा हात धरला.

थोरले पंच चपापले. "अहो, हे काय? अशी रीत नाही."

"कुणाची रीत?" गुरविणीने विचारलं.

"कुणाची म्हणजे? आपली!"

"आपली म्हणजे कुणाची, ते सांगा ना. माझी तर नाही."

"माझीही नाही," सुतारीण म्हणाली.

"माझी नाही," तांबटाची बायको म्हणाली. मग मागून एकेक आवाज येत गेला. माझी नाही. माझी नाही. थोरल्या पंचांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. त्या रीतीचा धनी कुणी पुढे येईना. त्यांना स्वतःची विधवा बहीण आठवली. घसा खाकरून ते हळू आवाजात म्हणाले, "माझीही नाही."

कासारणीचा हात ताठ झाला होता. गुरवीण हसली.

"हात सैल सोडा, कासारीणबाई," ती म्हणाली. "बांगडी मायेनं जाते."

आणि बांगडी गेली.

तात्पर्य: 'आपलं' म्हणून काम टळतं, आणि 'आपलं' म्हणूनच अन्यायही टिकतो. म्हणून चांगल्या गोष्टीतला आपला तुकडा 'माझा' म्हणून उचलावा, आणि वाईट गोष्टीला 'माझी नाही' म्हणायला पहिलं पुढे व्हावं.